मुंग्यांच्या घरचा पाहुणा

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, कीं त्या रात्रीं घरोघरच्या दिव्यांभोवतीं कीटकांची यात्रा भरते. गृहिणी तिच्याकडे केरसुणी घेऊन पाहतात, पाली आशाळभूतपणें पाहतात आणि मुलें कुतूहलानें पाहतात. ह्या तिघांत मुलांचें पाहणें आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें, आणि ह्या महिन्याचें आमचें टिपण अशाच एका मुलाच्या पाहण्यांतून निघालें आहे.

सांगलीच्या एका वाचक भगिनींनीं आमच्याकडे एक आगपेटी पाठविली आहे. तींत कापसावर एक मेलेला किडा असून सोबत पत्र आहे. पत्राचा आशय असा : त्यांच्या नववींत शिकणाऱ्या चिरंजीवांस हा किडा रात्रीं ओट्यावरील दिव्याखालीं सांपडला. चिमटींत धरतांच बारीकसा 'टक्' असा आवाज झाला, बोटास चटका बसला आणि कातडीवर तपकिरी डाग पडला. तो धुऊन जाईना. पुढें एका इंग्रजी चित्रपुस्तकांत तशाच विलक्षण मिशांचा किडा चिरंजीवांस दिसला. चित्राखालीं 'पॉसस स्फीरोसेफालस, पश्चिम आफ्रिका' असें नांव छापलेलें होतें. आतां शाळेच्या प्रदर्शनांत हा किडा त्याच नांवाच्या चिठ्ठीसह मांडावयाचा असा त्यांचा बेत आहे. "आफ्रिकेंतला किडा सांगलीस कसा येईल, असें मी म्हणतें. चित्र अगदीं जुळतें, असें तो म्हणतो. निकाल आपण द्यावा," असें भगिनी लिहितात.

न्यायाधीशाचें काम आम्हीं आजवर वर्गाबाहेर केलेलें नाहीं. तथापि ह्या खटल्याचा निकाल असा आहे, कीं आईही अर्धी बरोबर आहे आणि मुलगाही अर्धा बरोबर आहे. हें कसें तें कळण्यास शास्त्रांतील एक साधा भेद ध्यानांत घेतला पाहिजे. वड, पिंपळ आणि उंबर हीं तीन झाडें आपण लहानपणापासून वेगवेगळीं ओळखतों. वटसावित्रीस पिंपळ पुजून कोणी येत नाहीं. पण वनस्पतिशास्त्रज्ञ ह्या तिन्ही झाडांस 'फायकस' ह्या एकाच प्रजातींत घालतात. फायकस हें जणूं आडनांव, आणि वड, पिंपळ, उंबर ह्या त्या आडनांवाच्या निरनिराळ्या व्यक्ति, म्हणजे जाति. ह्या आडनांवाचीं पुष्कळ झाडें आफ्रिकेंतही आहेत. म्हणून आफ्रिकेंतील एखाद्या फायकसाचें चित्र आपल्या दारच्या उंबरासारखें दिसलें, तर दोघांचें आडनांव एक आहे एवढेंच ठरतें. दारचा उंबर आफ्रिकेचा ठरत नाहीं. आगपेटींतील किड्याचेंही तसेंच आहे. तो 'पॉसस' आहे हें मुलाचें म्हणणें खरें. पण तो 'पॉसस स्फीरोसेफालस' नव्हे, आणि येथें आईचा संशय खरा.

हें आम्हीं कशावरून ठरविलें तें आतां सांगतों, कारण ओळखीपेक्षां ओळखीचा पुरावा अधिक महत्त्वाचा. भिंगाखालीं पाहतां किडा गव्हाच्या दाण्याहून किंचित् लांब, तांबूस तपकिरी व गुळगुळीत आहे. पाठीवरचीं कवचें, म्हणजे भुंगेऱ्याचे वरचे कठीण पंख, मागील टोंकाशीं विळीनें कापल्याप्रमाणें सरळ संपतात आणि पोटाचें शेवट उघडें राहतें. डोक्यामागची छातीची ढाल मध्येंच आवळलेली असून तिचे पुढचा व मागचा असे दोन भाग पडले आहेत. पण सर्वांत विलक्षण आहेत त्या मिशा. शास्त्रकार त्यांस शृंगिका म्हणतात. साध्या भुईवरच्या भुंगेऱ्याची शृंगिका बारीक दोऱ्यासारखी असते व तीस अकरा मणी असतात. ह्या किड्याच्या शृंगिकेचे मात्र दोनच भाग दिसतात : बुडाशीं एक लहान मणी, आणि त्यावर होडीच्या आकाराचें एक जाड, पोकळसर बोंड. किड्याच्या मानानें तें इतकें मोठें आहे, कीं लहान मुलानें दोन हातांत दोन परळ धरावे तसा देखावा दिसतो. आवळलेली छाती आणि असलें बोंड हीं दोन्ही लक्षणें एकत्र आलीं म्हणजे पॉसस हें आडनांव ठरतें. ह्याचा एक भाऊबंद 'प्लॅटिरोपॅलस' हाही हिंदुस्थानांत आढळतो. परंतु त्याची छाती एकसंध असते व बोंड चपट्या तबकडीसारखें असतें.

तिसरा पुरावा चिरंजीवांच्या बोटावर होता. ह्या किड्याच्या पोटाच्या टोंकाशीं दोन कप्प्यांच्या पिशव्या असतात. एका कप्प्यांत हायड्रोक्विनोन व हायड्रोजन पेरॉक्साइड हीं द्रव्यें सांठविलेलीं असतात. दुसऱ्यांत एन्झाइमें असतात. संकट आलें कीं पहिल्या कप्प्यांतील द्रव दुसऱ्यांत शिरतो, तेथें क्षणार्धांत रासायनिक क्रिया होऊन तो तापतो आणि क्विनोनचा झोत आवाजासह बाहेर उडतो. कातडीवरील तपकिरी डाग तो ह्या क्विनोनचा. तोफेचें तोंड मागें असलें तरी पाठीवरील कवचाच्या मागच्या कोपऱ्याशीं एक बारीक मुडप असते. तिला लगटून झोत वळतो आणि पुढच्या शत्रूवरही पडतो. थॉमस आइस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं ही झोत वळविण्याची युक्ति सिद्ध केली. आपल्या देशांत मात्र ह्या तोफेची दखल फार पूर्वींच घेतली गेली होती : कॅप्टन बॉयज नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८४३ सालीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत हिंदुस्थानांतील पॉससांच्या संवयींवर विस्तृत लेख लिहिला आहे. सांगलीच्या मुलाच्या बोटावर जो डाग पडला, तसल्याच डागाची ती जुनी साक्ष होय.

आतां स्फीरोसेफालसाकडे वळूं. पॉसस हें नांव स्वीडनचे थोर सृष्टिशास्त्रज्ञ लिनीअस ह्यांनीं १७७५ सालीं दिलें. हा त्यांचा उतारवयाचा काळ. तीनच वर्षांनीं, १७७८ सालीं, ते निवर्तले. ग्रीक भाषेंत 'पाउसिस' म्हणजे विराम. आतां आपलें नामकरणाचें कार्य येथें थांबावयाचें म्हणून त्यांनीं हें नांव योजिलें, अशी आख्यायिका आहे. त्यांच्यापुढें आलेल्या किड्यास त्यांनीं 'मायक्रोसेफालस', म्हणजे सूक्ष्ममस्तक, म्हटलें. पुढें त्यांचेच एक शिष्य आफ्झेलिअस पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओनेस गेले असतां त्यांस दुसरी जाति मिळाली. तिच्या शृंगिकांचीं बोंडें चेंडूसारखीं गोल होतीं आणि अंधारांत तीं दोन कंदिलांप्रमाणें मंद चमकत होतीं, असें त्यांनीं १७९८ सालीं लिहून ठेविलें. चमकण्याच्या ह्या गोष्टीस नंतरच्या निरीक्षकांकडून दुजोरा मिळाला नाहीं. गोल बोंडें मात्र खरीं. ही जाति तीच स्फीरोसेफालस. नांवाचा अर्थ गोलमस्तक. ज्या किड्याची ओळखच गोलपणावर उभी आहे, त्याचें नांव होडीसारख्या बोंडाच्या किड्यास कसें द्यावें? चिरंजीवांनीं चित्रांतला मोठेपणा पाहिला, पण आकार पाहिला नाहीं. प्रौढ माणसेंही बहुधा असेंच पाहतात.

पण हें असलें बोंड ह्या किड्यास कशासाठीं हवें, असा प्रश्न कोणाही सुज्ञ वाचकाच्या मनांत येईल. उत्तर मुंग्यांच्या वारुळांत आहे. पॉसस आपलें आयुष्य मुंग्यांच्या घरीं काढतो. त्याच्या बहुतेक जातींचा यजमान 'फीडोल' ह्या प्रजातीच्या मुंग्या असतो. ह्या मुंग्या आपल्या अंगणांत नित्य दिसतात : एकाच रांगेंत बारीक डोक्याच्या कामकरी, आणि मधून मधून अंगापेक्षां डोकें जड झालेल्या शिपाई मुंग्या. साताऱ्यास अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या वाटेवर गवताचें बीं वाहून नेणाऱ्या अशा रांगा आम्हीं पुष्कळदां पाहिल्या आहेत. ह्या मुंग्या परक्या किड्यास क्षणभर उभें करीत नाहींत. पॉससाच्या बोंडांवर व अंगावर मात्र बारीक केसांचे झुबके असून तेथून एक स्राव पाझरतो. मुंग्या तो चाटतात, आणि कित्येकदां पाहुण्यास शृंगिकेस धरूनच घरांत ओढून नेतात.

संस्कृतांत ज्याच्या येण्यास तिथि नाहीं तो अतिथि. हा पाहुणा त्या व्युत्पत्तीस पूर्णपणें उतरतो. पण अतिथिधर्मास मुळींच उतरत नाहीं. कारण तो यजमानाचीं अंडीं व अळ्या खातो, आणि मोठ्या मुंग्यांनाही भोंसकून त्यांतला रस पितो. आपल्याकडे कोकिळेस 'परभृत' म्हणतात, कारण कावळा तिचें पिल्लूं आपलें समजून वाढवितो. कावळ्याची फसवणूक विणीच्या हंगामापुरती असते. मुंग्यांची वर्षभर चालते. पॉससाची अळीही त्यांच्याच घरांत वाढते.

ही फसवणूक केवळ चाटण्याच्या लालचीवर चालत नाहीं. मोरोक्को व स्पेन ह्या देशांत राहणाऱ्या 'पॉसस फॅव्हिएरी' ह्या जातीचा अभ्यास इटलींतील आंद्रेआ दि जुलिओ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला आणि २०१५ सालीं प्रसिद्ध केला. मुंग्या अंगाचे भाग एकमेकांवर घांसून बारीक करकर काढतात. राणीचा, शिपायांचा व कामकऱ्यांचा आवाज वेगवेगळा असतो. हा भुंगेरा तिघांचेही आवाज काढतो, असें त्यांस आढळलें. भुंगेऱ्याचे आवाज मुंग्यांस ऐकविले, तेव्हां त्या राणीभोवतीं पाहऱ्यास उभें राहावें तशा उभ्या राहिल्या. स्पर्श, चव, वास आणि आतां आवाज! मुंग्यांपाशीं ओळखीचीं जेवढीं साधनें आहेत, तेवढ्या सर्वांवर ह्या पाहुण्यानें ताबा मिळविला आहे.

मुंग्या फसल्या ह्यांत नवल नाहीं. विद्वानांसही ह्या किड्याचें कुल ठरवितां ठरवितां दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. त्याचें रूप इतकें निराळें, कीं पुष्कळ शास्त्रज्ञांनीं त्याचें स्वतंत्र कुल मानलें. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' ह्या ग्रंथमालेंत फाउलर ह्यांनीं १९१२ सालीं हिंदुस्थानांतील पॉससांचें वर्णन केलें, तेंही 'पॉसिडी' ह्या स्वतंत्र कुलाखालीं. आज मात्र ते भुईवरच्या भुंगेऱ्यांच्या 'कॅराबिडी' ह्या मोठ्या कुलांतील एक उपकुल गणले जातात. हा निर्णय शृंगिकांवरून झाला नाहीं. अळीची रचना, पोटांतील तोफेची घडण आणि अलीकडे पेशींतील आनुवंशिक द्रव्य ह्यांच्या साक्षीवरून झाला. परक्या घरीं राहून पॉससाचा चेहरा बदलला, पण कुलाची विद्या पोटांत राहिली. चेहरा किती वेगानें बदलतो ह्याचें उदाहरण मादागास्कर बेटाचें आहे : तेथील पॉससांच्या ८६ जाति अवघ्या सव्वीस लाख वर्षांत निर्माण झाल्या, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. सृष्टीच्या पंचांगांत सव्वीस लाख वर्षें म्हणजे दोनचार घटका. म्हणून चेहरा जुळला एवढ्यावरून जात जुळली असें म्हणणें धाडसाचें आहे.

ह्याच धाडसाचें दुसरें उदाहरण आपल्या माळावरच आहे. दख्खनच्या कोरड्या माळांवर पावसाळ्याच्या सुमारास एक मोठा काळा भुंगेरा धांवतांना दिसतो; पाठीवर सहा पांढरे ठिपके, पुढें बळकट जबडे. हा 'अँथिआ सेक्सगुटाटा'. ह्याच्याही आडनांवाचे बहुतेक भाऊबंद आफ्रिकेंत आहेत, आणि मुंग्या हे त्यांच्या नित्याच्या भक्ष्यांपैकीं एक होय. हा आम्लाची पिचकारी मारतो, म्हणून मुलांनीं त्याच्यावर तोंड वांकवूं नये. डोळ्यांस इजा होईल. आतां गंमत अशी, कीं दक्षिण हिंदुस्थानांत पाचोळ्यांत राहणारें एक काळें झुरळही पांढऱ्या ठिपक्यांचें असतें. त्याच्या पाठीवर ठिपके सात असतात, आणि पंख एकावर एक चढलेले असल्यामुळें ते दोन बाजूंस सारखे वांटले जात नाहींत. भुंगेऱ्याची भीति आपल्या उपयोगी पडावी म्हणून झुरळानें हें सोंग घेतलें असावें, असा तर्क आहे. लंडनचे औषधिविक्रेते जेम्स पेटिव्हर ह्यांच्यावरून ह्या झुरळाचें नांव ठेविलें गेलें. पण तें ठेवितांना १७५८ सालीं खुद्द लिनीअसनीं त्यास झुरळांत न घालतां 'कॅसिडा' ह्या भुंगेऱ्यांच्या प्रजातींत घातलें! सातवा ठिपका कोणीं मोजला कीं नाहीं, हें देव जाणे. पंख एकावर एक चढले आहेत एवढें पाहिलें असतें तरी पुरतें.

आतां चिठ्ठीचा प्रश्न. आमच्या मतें चिठ्ठीवर 'पॉसस, जाति अनिश्चित' एवढेंच लिहावें. चिरंजीवांस हें फिकें वाटेल. शेजारच्या टेबलावरील फुलपांखरास लांबलचक नांव असतांना आपल्या किड्यापुढें 'अनिश्चित' हा शब्द शोभत नाहीं, असें त्यांस वाटणें साहजिक आहे. पण त्यांनीं हा विचार करावा. स्फीरोसेफालस असें लिहिलें, कीं शोध संपला. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवणारा मनुष्य पुन्हां पेटी उघडणार नाहीं. हा किडा हिंदुस्थानांतील एखादी जुनीच जाति असेल, किंवा आजवर कोणीं न वर्णिलेली असेल. दोन्ही शक्यता त्या एका खोट्या नांवाखालीं गाडल्या जातील. 'अनिश्चित' ह्या शब्दानें मात्र दार उघडें राहतें. जातीचा निर्णय चित्रावरून होत नाहीं. ज्या नमुन्यावरून जात प्रथम वर्णिली गेली, त्या मूळ नमुन्याशीं ताडून व अवयव सोडवून पाहून होतो. त्यासाठीं पुण्यास आकुर्डीस भारतीय प्राणि-सर्वेक्षणाचें केंद्र आहे, मुंबईस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे. तेथें नमुना पाठविण्यास वयाची अट नाहीं.

मात्र नमुन्यासोबत चार गोष्टी लिहून धाडाव्या. त्यांवांचून तो नुसता मेलेला किडा होय. पहिली, स्थळ, आणि तें गांवापर्यंत. आमच्या भागांतील लोकांस ह्याचें कारण सहज पटेल. १९४९ पूर्वींच्या एखाद्या जुन्या चिठ्ठीवर 'सातारा जिल्हा' असें असेल, तर तो किडा पाटणच्या पावसाळी डोंगरांतला असूं शकेल, अथवा तासगांव-खानापुराकडचाही असूं शकेल. कारण हे तालुके तेव्हां साताऱ्यांत होते. १९४९ सालीं दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० सालीं त्याचें नांव सांगली पडलें. जिल्ह्याचीं नांवें माणसें बदलतात. किड्याचा माळ होता तेथेंच असतो. दुसरी गोष्ट, तारीख. तिसरी, किडा दिव्यावर आला कीं दगडाखालच्या वारुळांत मिळाला. चौथी, वारुळांत मिळाला असेल तर त्या घरच्या पांचसहा मुंग्या, शिपायासकट, त्याच कुपींत मद्यार्कांत घालाव्या. ह्या चौथ्या गोष्टीस सोन्याचें मोल आहे. पॉससाच्या पुष्कळ जाति केवळ दिव्यावर आलेल्या नमुन्यांवरूनच ठाऊक आहेत. त्या कोणाच्या घरचे पाहुणे आहेत हें कोणीं पाहिलेलेंच नाहीं.

मुंग्यांच्या बाबतींत आपला प्रांत कांहीं मागासलेला नाहीं. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यांतील रॉटन ह्या अधिकाऱ्यानें १८९२ सालीं उपर्युक्त सोसायटीच्या नियतकालिकांत 'आपल्या मुंग्या' ह्या अर्थाच्या मथळ्याची लेखमाला लिहिली. फीडोलची एक जाति आज त्याचें नांव धारण करते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील फादर आसमुथ ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंग्या व वाळवी ह्यांच्या घरांतील पाहुण्यांचाच अभ्यास केला. ह्या दोघांचीं मुख्य साधनें म्हणजे दगड उचलण्याची चिकाटी, भिंग आणि वही. हीं तिन्ही नववींतल्या मुलास परवडण्याजोगीं आहेत. दगड उचलला तर तो होता तसाच परत ठेवावा, एवढी मर्यादा पाळावी; कारण दगडाखालीं कोणाचें तरी घर असतें.

आणि हें घर टिकलें पाहिजे. आटपाडी, जत, माण, खटाव ह्या भागांतील उघडा माळ सरकारी दप्तरांत कित्येकदां 'पडीक' म्हणून लिहिला जातो. पडीक हेंही एक नांवच आहे, आणि तें न मोजतां, न उलथतां दिलेलें नांव आहे. तेथें मुंग्या आहेत, मुंग्यांच्या घरीं पाहुणे आहेत, आणि त्या पाहुण्यांपैकीं कित्येकांस अद्याप बरोबर नांव मिळावयाचें आहे. माळ नांगरला गेला, कीं यजमान व पाहुणा दोघेही बरोबरच जातात. मग संग्रहालयांत चिठ्ठी उरते आणि चिठ्ठीवर 'अनिश्चित' हा शब्द कायमचा राहतो.

तेव्हां सांगलीच्या भगिनींस आमची विनंति अशी, कीं येत्या पावसाळ्यांत दिव्याखालचा केर काढण्यापूर्वीं चिरंजीवांस एकवार भिंग घेऊन बसूं द्यावें. किडा बोटांनीं न धरतां कांचेच्या पेल्याखालीं झांकावा, म्हणजे डागही पडणार नाहीं आणि मिशाही नीट दिसतील. एक नमुना ठेवल्यावर पुढचा जो येईल तो पाहून सोडून द्यावा. इतर वाचकांपैकीं कोणास असा परळधारी पाहुणा दिसल्यास त्यांनीं गांव, तारीख आणि यजमान मुंगी ह्यांसह आम्हांस अवश्य कळवावें. आमच्याकडून जें नांव येईल तें पुराव्यानिशीं येईल. आणि पुरावा अपुरा असल्यास 'अनिश्चित' असें उत्तर पाठविण्यास आम्ही लाजणार नाहीं.